दुधाशिवाय गारेगार: लिंबू-पुदिन्याचं सॉर्बे दगड का होतं

प्रश्न थोडक्यात असा: घरात दुधाची ॲलर्जी असलेलं मूल आहे. त्याच्यासाठी अर्धा लिटर पाणी, १०० ग्रॅम साखर, पाच लिंबांचा रस आणि थोडी किसलेली साल घेतली, मूठभर पुदिना पाकातच दहा मिनिटं उकळला, गाळून डब्यात ओतला आणि डबा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला. सकाळी चमचा वाकला, पण सॉर्बे (फळाचा रस आणि साखरेचं पाणी गोठवून केलेलं, दुधाशिवायचं आइस्क्रीम म्हणा) हललं नाही. रंग शेवाळी-काळपट, चव कडवट, पुदिन्याचा वास जवळजवळ नाहीच. मशीन नाही आणि घ्यायचंही नाही. चुकलं कुठे, आणि संत्रं, गवती चहा, नारळाचं दूध वापरून आणखी काय करता येईल?

दूध नाही म्हणून ते दगड झालं, असा समज असेल तर तो आधी काढून टाका. साखर कमी पडली म्हणून दगड झालं. तुमच्या मिश्रणाचं एकूण वजन साधारण पावणेसातशे ग्रॅम, त्यात साखर १००. म्हणजे जेमतेम १५ टक्के. चमच्याने खरवडता येणाऱ्या सॉर्बेला २५ ते ३० टक्के साखर लागते, आणि त्यात फळाची स्वतःची साखरही धरायची. साखर इथे गोडीपेक्षा गोठण्यासाठी महत्त्वाची आहे. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास निव्वळ पाण्याचा पूर्ण बर्फ होतो. साखरेच्या पाण्यातलं सगळं पाणी मात्र गोठत नाही. बर्फाचे कण तयार होत जातात तसा उरलेला पाक दाट होत जातो आणि त्या कणांच्या मधे बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. दुधाच्या आइस्क्रीममध्ये स्निग्धांश, प्रथिनं आणि घुसळताना शिरलेली हवा हे काम वाटून घेतात. सॉर्बेत ते एकट्या साखरेवर पडतं. म्हणून ‘तब्येतीसाठी साखर निम्मी केली’ असं सॉर्बेच्या बाबतीत चालत नाही. साखर कमीच हवी असेल तर सॉर्बेचा नाद सोडून ग्रानिटा, म्हणजे काट्याने खरवडलेला चवीचा बर्फ, करा. त्याचं पुढे सांगतो.

वाटीने मोजू नका, काटा घ्या. वाटीभर साखर कुणाच्या घरी १८० ग्रॅम भरते, कुणाच्या २२०, आणि एवढ्या फरकात सॉर्बे बिघडतं.

लिंबू-पुदिन्याचं प्रमाण हे घ्या: पाणी ५०० मिली, साखर १९० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज ५० ग्रॅम, लिंबाचा रस १२० मिली, पुदिन्याची नुसती पानं २५ ग्रॅम, चिमूटभर मीठ. कागदी लिंबू मध्यम असेल तर १५ मिलीच्या आसपास रस देतं, म्हणजे आठेक लिंबं लागतील. लिक्विड ग्लुकोज केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळतं. ते साखरेहून कमी गोड असतं, पण मिश्रणाला अंग देतं आणि कण बारीक ठेवतं. नाही मिळालं तर साखरच २२५ ग्रॅम घ्या. थोडं जास्त गोड आणि किंचित रवाळ होईल, पण बिघडणार नाही. गूळ घालून पाहायचा मोह होतो, पण गुळाच्या वासापुढे पुदिना टिकत नाही. मधाचंही तेच, शिवाय मध गोठणबिंदू साखरेपेक्षा जास्त खाली नेतो, त्यामुळे सगळी साखर काढून मध घातला तर सॉर्बे लगदाच राहतं.

मिश्रण गोठवण्याआधी चाखाल तेव्हा ते थोडं जास्तच गोड आणि जास्तच आंबट लागलं पाहिजे. थंडगार जिभेला गोडी कमी कळते. सरबत म्हणून जे नेमकं लागतं ते गोठल्यावर पचपचीत लागतं. (सॉर्बे हा शब्द मुळात शरबत शब्दाचाच, तुर्की-इटालियन-फ्रेंच वाटेने फिरून आलेला. पण प्रमाण सरबताचं ठेवलं तर फसगत होते.)

साखर बरोबर आहे का हे पाहायची जुनी युक्ती अंड्याची. मिश्रण गार झाल्यावर उभट भांड्यात ओता, ताजं, स्वच्छ धुतलेलं अंडं कवचासकट अलगद सोडा. पृष्ठभागावर रुपयाच्या नाण्याएवढा गोल उघडा राहिला की साखर योग्य. अंडं बुडालं तर साखर कमी, खूप वर आलं तर जास्त. अंडं ताजंच हवं, कारण शिळं अंडं साध्या पाण्यातही वर येतं आणि खोटा कौल देतं. अंडं चालत नसेल तर स्टीलच्या ताटलीत दोन चमचे मिश्रण पातळ पसरून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. चमच्याच्या कडेने खरवडल्यावर ओलसर भुगा निघाला तर ठीक, काचेसारखे तुकडे उडाले तर साखर वाढवा.

आता पुदिना. तो उकळायचा नाही, हे पक्कं ठरवून टाका. पुदिन्याचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. दहा मिनिटांच्या उकळीत तो स्वयंपाकघरभर पसरतो आणि भांड्यात वाळक्या गवताची चव उरते. रंगाचं कारण दुहेरी आहे. पान फाटलं, वाटलं गेलं की त्यातली विकरं (एन्झाइम) हवेशी मिळून ते काळं पाडतात, जसा कापलेला बटाटा काळा पडतो. दुसरं, आंबटपणामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग शेवाळी होतो, उष्णतेने तर हे फारच भराभर होतं. तुमच्या पातेल्यात या सगळ्या गोष्टी एकदम झाल्या.

करायचं असं. पाणी, साखर, ग्लुकोज, मीठ एकत्र गरम करा. साखर विरघळली की बंद, तार वगैरे काही आणायची नाही. हा पाक फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. दुसऱ्या पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणा, शेजारी बर्फाच्या पाण्याचं भांडं तयार ठेवा. पुदिन्याची पानं चाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात १० सेकंद बुडवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. दहा म्हणजे दहाच, तीस नाही. एवढ्यात विकरं निकामी होतात आणि वास पानातच राहतो. पानं पिळून गार पाकाबरोबर मिक्सरमधून काढा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. लिंबाचा रस अगदी शेवटी, फ्रीझरमध्ये ठेवायच्या पाच मिनिटं आधी घाला. एवढं करूनही चार-सहा दिवसांत हिरवेपणा थोडा उतरतो, कारण आंबटपणा आपलं काम करतच असतो. रंग टिकवायला चिमूटभर सोडा घालायचा सल्ला कुणी देईल. त्याने रंग राहील, पण लिंबाचा आंबटपणा मारला जाईल आणि साबणासारखी चव येईल.

प्रत्येक पाल्याची तऱ्हा वेगळी आहे. गवती चहा पुदिन्याच्या उलट. त्याची पात चिवट, वास तंतूंच्या आत, म्हणून तो ठेचून पाच मिनिटं उकळायचा आणि झाकण ठेवून वीस मिनिटं मुरू द्यायचा. अर्ध्या लिटरला पाच-सहा लांब पाती पुरे. लिंबाच्या झाडाची कोवळी पानंही सुरेख लागतात. देठापासून शिर काढून टाका, पानं चुरगाळा, गॅस बंद केल्यावर गरम पाकात दहा मिनिटं ठेवा आणि काढा. जास्त वेळ राहिली तर कडवट होतात. तुळस जपून घाला. अंगणातल्या तुळशीला लवंगेसारखा झणका असतो, अर्ध्या लिटरला सहा-आठ पानं खूप झाली. इटालियन पदार्थांत लागते ती गोडसर बेसिल वेगळी, ती पुदिन्यासारखी सढळ घाला आणि तशीच १० सेकंद उकळत्या पाण्यातून काढा. पानओव्याचं एक पान वासाला छान, तीन पानं म्हणजे खोकल्याचा काढा. वाळा हा पाला नाही, मूळ आहे, पण लिंबाशी त्याचं फार जमतं. जुडी स्वच्छ धुऊन रात्रभर साध्या पाण्यात ठेवायची आणि ते पाणी वापरायचं, उकळायची गरज नाही.

कडवटपणा आला तो बहुधा सालीतून. सालीचा वास सगळ्यात वरच्या रंगीत थरातल्या तेलात असतो. त्याखालचा पांढरा थर निव्वळ कडू, आणि किसताना हात जड पडला की तोच आत जातो. किसणीवर एका जागी एकदाच फिरवायचं आणि पांढरं दिसलं की लिंबू वळवायचं. किसलेली साल पाकात शिजवू नका. मोजलेल्या साखरेतली दोन चमचे साखर घेऊन त्यात साल बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि सुगंधी झाली की गार पाकात विरघळवा. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, किसणीवर ती दबते आणि फाटते. ती सोलून, आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेने खरवडून, उरलेली पातळ साल सुरीने अगदी बारीक चिरणं सोपं पडतं. साल वापरायची तर फळ आधी कोमट पाण्यात घासून धुवा, दुकानातल्या चकचकीत फळांवर बऱ्याचदा मेणाचा हात असतो.

संत्री-मोसंबी मिक्सरमध्ये फिरवून रस काढू नका. बिया आणि पडदे फुटले की कडूपणा रसात उतरतो. मोसंबीचं तर वेगळंच दुखणं: रस काढताना गोड असतो आणि तासा-दोन तासांत कडू होतो. फळाच्या पेशींमध्ये लिमोनिन नावाचं कडू द्रव्य आधी बिनचवीच्या रूपात असतं. रस निघाला, आंबटपणाशी गाठ पडली की त्याचं हळूहळू कडू रूप तयार होतं, गरम केलं तर आणखी लवकर. म्हणून मोसंबीचा रस हाताने पिळायचा, गाळायचा, तयार गार पाकात मिसळायचा आणि अर्ध्या तासाच्या आत फ्रीझरमध्ये टाकायचा. पपनसाच्या फोडींवरचा पडदा सोलूनच घ्या, कडूपणा मुख्यतः त्यातच असतो. दाणे मोकळे करून ग्रानिटात वरून घातले तर दाताखाली फुटतात तेव्हा मजा येते.

मशीन नसताना सॉर्बे करायची उत्तम रीत बर्फाच्या ट्रेची. मिश्रण फ्रीजमध्ये चार अंशांपर्यंत गार करून ट्रेमध्ये ओता, सहा-आठ तास गोठवा. मिक्सरचं भांडं आणि पातं अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर भांड्याच्या ऊबेने अर्धं मिश्रण वितळेल. ट्रे बाहेर काढून पाच मिनिटं थांबा, मग एका वेळी आठ-दहा तुकडे घालून थांबत-थांबत झटके द्या. सलग फिरवलं तर मोटर जळायची भीती असते आणि खालचं पाणी-पाणी होतं, वरचं तसंच राहतं. आधी भुगा होईल, मग तो एकत्र येऊन पांढरट, गुळगुळीत दिसू लागेल. तिथे थांबा. आधीच थंड केलेल्या स्टीलच्या पसरट डब्यात भरा, प्लॅस्टिकची फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवून झाकण लावा आणि दोन तास पुन्हा फ्रीझरमध्ये. साखरेचं प्रमाण बरोबर असेल तर दुसऱ्यांदा फिरवावं लागत नाही.

घरात जुना हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट असेल तर त्यासारखं काही नाही. बर्फ तीन भाग आणि जाडं मीठ एक भाग, वजनाने, थरावर थर. मिठाने बर्फ वितळताना आजूबाजूची उष्णता खेचतो आणि तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. पंचवीस-तीस मिनिटांत दांडा जड होतो. खारं पाणी आतल्या डब्याच्या झाकणापर्यंत चढू देऊ नका, चमचाभर आत गेलं तर सगळं वाया.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चांगल्या प्लॅस्टिकचंच हवं. कुल्फीचे जुने ॲल्युमिनियमचे साचे दुधाला ठीक, पण लिंबाचं मिश्रण त्यात ठेवलं तर धातूची चव येते. कल्हई उडालेलं पितळ तर नकोच.

ग्रानिटा म्हणजे सिसिलीचा खरवडलेला बर्फ. आपल्या गोळ्यापेक्षा फरक एवढाच, की इथे चव बर्फावर ओतलेली नसते, बर्फातच असते. साखर कमी, १५-१६ टक्के, आणि कण मुद्दाम मोठे. संत्रं-गवती चहाचं प्रमाण: संत्र्याचा गाळलेला रस ५०० मिली, गवती चहाचा अर्क १०० मिली, साखर ६० ग्रॅम, लिंबाचा रस २० मिली. साखर गरम अर्कातच विरघळवा, अर्क गार झाल्यावर रस मिसळा, संत्र्याचा रस तापवायचा नाही. पसरट ट्रेमध्ये दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा उंच थर नको. पाऊण तासाने कडा गोठलेल्या दिसतील. काट्याने त्या मधल्या पातळ भागात ओढा. मग दर अर्ध्या तासाने हेच, चार-पाच वेळा. एखादी फेरी चुकून सगळी लादी झाली तरी घाबरू नका, दहा मिनिटं बाहेर ठेवून काट्याने खरवडत बसा, फक्त मनगट दुखेल. नागपुरी संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात असतो आणि खरी तलखी असते मे महिन्यात. तेव्हा मार्चमध्येच रसाचं मिश्रण ट्रेमध्ये गोठवून ठेवा, तुकडे हवाबंद पिशवीत भरा आणि लागतील तसे मिक्सरमध्ये भरडा. महिना-दीड महिना सहज निघतो. त्यानंतर खराब होत नाही, पण वास पुसट होतो.

मलईदार हवं असेल तर नारळाचं दूध. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यात लिंबाचा रस सढळ ओतणं. नारळाच्या दुधातली प्रथिनं आंबटात एकत्र येतात, दूध फुटतं आणि गोठल्यावर कणीदार लागतं. म्हणून लिंबाची चव सालीतून आणि पानांतून घ्यायची, रस नावापुरता. नारळाचं पहिलं दाट दूध ४०० मिली, साखर ९० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर १० ग्रॅम, मीठ दोन चिमट्या, दोन लिंबांची किसलेली साल, लिंबाची चार पानं, लिंबाचा रस १५ मिली. थोड्या गार दुधात कॉर्नफ्लॉवर कालवा, बाकी दूध साखरेबरोबर मंद आचेवर ठेवा, कडेला बुडबुडे दिसू लागले की कालवलेलं ओता आणि ढवळत दोन मिनिटं शिजवा. चमच्याच्या पाठीवर पातळ थर बसला की उतरवा. खळखळ उकळलं तर तेल सुटतं. पानं गरम असतानाच दहा मिनिटं बुडवून काढा. पूर्ण गार झाल्यावर साल चोळलेली साखर आणि रस घाला, काडीच्या साच्यांत भरा. हे चाटून खायचं, म्हणून साखर १८ टक्क्यांच्या आसपास पुरते. डब्यात भरून चमच्याने काढायचं असेल तर साखर १२० ग्रॅम करा.

हेच मिश्रण मिक्सरमध्ये फार वेळ घुसळू नका. खोबऱ्याचं तेल साधारण २४-२५ अंशांखाली घट्ट होतं, त्यामुळे गार मिश्रण घुसळलं की लोण्यासारखे कण सुटतात आणि टाळूला मेणचट थर बसतो. झालंच तसं, तर पुन्हा कोमट करा, मिक्सरमधून काढा आणि मग गार करा.

नेहमीचे बिघाड दुरुस्त होतात. सॉर्बे फार कडक झालं तर वितळवून दर अर्ध्या लिटरमागे ३० ग्रॅम साखर थोड्या गरम पाण्यात विरघळवून घाला. लगदाच राहिलं तर पाणी किंवा रस वाढवा. चव चांगली पण वाळूसारखे कण असतील तर मिश्रण हळू गोठलं, म्हणजे गरम मिश्रण आत ठेवलं, उंच डबा घेतला किंवा फ्रीझर मासे-मटाराने खच्चून भरलेला होता. फ्रीझरच्या दारात ठेवू नका, मागच्या भिंतीशी ठेवा. वीज जाऊन अर्धं वितळलं तर तसंच पुन्हा गोठवू नका, मिक्सरमधून काढून मगच ठेवा. मोठ्यांसाठीच्या डब्यात अर्ध्या लिटरमागे एक मोठा चमचा फेणी घातली तर सॉर्बे मऊ राहतं, काजूची फेणी लिंबाबरोबर शोभते. दोनापेक्षा जास्त चमचे घातले तर नीट गोठणार नाही. मुलाच्या डब्याशी अर्थातच गल्लत नको.

आता ॲलर्जीचं, कारण तुमच्या घरी तोच खरा मुद्दा आहे. दुधाची ॲलर्जी आणि लॅक्टोज (दुधातली साखर) न पचणं या वेगळ्या गोष्टी आहेत, ॲलर्जीत दुधातल्या प्रथिनाचा अंशही नको. दुकानातलं ‘फ्रोझन डेझर्ट’ दुधाशिवाय असतं असं समजू नका, त्यात लोण्याऐवजी वनस्पती तेल असतं पण दुधाची पावडर बहुधा असतेच. केकवर लावायच्या ‘नॉन-डेअरी’ क्रीममध्ये अनेकदा सोडियम केसिनेट असतं, ते दुधाचंच प्रथिन. नारळाच्या दुधाच्या पावडरीतही ते पुष्कळदा सापडतं. पाकिटामागची बारीक अक्षरं दर वेळी वाचा, किंवा नारळ खवून दूध घरीच काढा. काजू भिजवून वाटलेली क्रीमही सुरेख लागते, पण डॉक्टरांनी सुक्यामेव्याला परवानगी दिली असेल तरच. आणि एक किसणी, एक गाळायचं फडकं आणि काड्यांचा एक साचा फक्त या मुलासाठी वेगळा ठेवा. मलईची कुल्फी गोठवलेल्या साच्याच्या खाचेत काय राहिलंय ते धुताना दिसत नाही.